बदकाची अंडी, कोंबडीची ऊब

मलावीतल्या त्या खेड्यात पाहुणा आला की त्याच्या हातात जिवंत कोंबडी देतात. वसईच्या चर्चतर्फे सेवेला गेलेल्या तरुण जोविटा डाबरेला मात्र मुखिया चिपेटांनी नुसतं बसायला स्टूल दिलं.

गावचा हातपंप बंद होता. तो दुरुस्त करायला बायकांना शिकवावं, एवढंच जोविटाचं म्हणणं. पण मुखियाच्या परवानगीशिवाय तिथं खिळासुद्धा हलत नसे.

"दरवर्षी कुणीतरी येतं, शाळेची तीच भिंत रंगवतं, फोटो काढतं नि जातं," चिपेटा गावासमोर कडाडले. "रंगानं भिंत जाड झाली आमची! तूही महिनाभर बसणार नि उठून जाणार. ना गाव तुझं, ना माणसं. त्यातून निघणार काय, पोरी?"

सगळे हसले. जोविटाही हसली.

"बाबा, आमच्या वसईत बदकाची अंडी कोंबडीखाली ठेवतात. अंडी तिची नसतात, तरी ती महिनाभर ऊब देते. पिलं निघतात आणि सरळ पाण्यात शिरतात. कोंबडीला पोहता येत नाही, ती काठावरच राहते. पण तोवर पिलांना तिची गरज उरलेली नसते."

मागच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. चिपेटांनी हसू मिशीत दाबायचा प्रयत्न केला, पण ते काही दबेना.

"पंपाचा पाना बायकांच्या हाती द्या," ते म्हणाले. "आणि हिची कोंबडी आणा. अंड्यांवर बसायला खुडूक झालेलीच बघून आणा!"