उजवा पंख

पूर्वी कुमुदवती नगरीवर राजा चंडकेतूची सत्ता असताना बोधिसत्त्व हिमवंतापलीकडच्या एका निळ्या सरोवरावर हंसांच्या कुळात जन्मले. हे हंस म्हणजे दूध आणि पाणी वेगळे करणारे, मोती वेचणारे चित्रातले हंस नव्हेत. राखेच्या रंगाचे, नारिंगी पायांचे, पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे असलेले हे साधे गवतखाऊ पक्षी. त्यांच्यापुढे मोती ओतले तर ते ओलांडून हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याकडे जातील. मात्र थंडी पडू लागली की माणसाला जिथे श्वास पुरत नाही अशा शिखरांवरून ते उडत येतात, सपाटीवरच्या नद्यांकाठी हिवाळा काढतात आणि फाल्गुनात त्याच वाटेने परततात.

अशाच पहिल्या हिवाळ्यात बोधिसत्त्व पारध्याच्या जाळ्यात सापडले आणि राजाच्या तळ्यावर आले. तळ्याचा राखणदार उंबरक नावाचा, पन्नाशीला टेकलेला माणूस होता. तळ्याच्या बांधावरच त्याचे घर होते. बायको सोमा आणि तो, असे दोघेच. उंबरक अबोल होता; त्याच्या वाटचे सोमा बोलून घेई. या नव्या हंसाची चाल मोठी संथ, म्हणून उंबरकाने त्याचे नाव थोरला ठेवले.

हंस राखणे म्हणजे त्याला कोंडणे नव्हे. उंबरकाच्या बापाने त्याला हे शिकवले होते. वर्षातून एकदा, आषाढ-श्रावणात, हंसाच्या पंखांतली मोठी पिसे एकदम गळतात आणि महिना-दीड महिना त्याला उडताच येत नाही. मग नवी पिसे फुटतात. पिसाच्या नळीत रक्त असेपर्यंत कात्री लावायची नाही. नळी पांढरी पडून कडक झाली, की त्याच दिवशी हंसाला मांडीवर घेऊन फक्त उजव्या पंखाची पिसे कापायची. दुखत काही नाही, नखे कापल्यासारखेच ते. एक पंख पुरा आणि एक उणा, म्हणजे पक्षी उठला तरी भोवंडून खाली येतो. शेवटची दोन लांब पिसे मात्र तशीच ठेवायची, म्हणजे पंख मिटल्यावर तो अखंड दिसतो आणि राजाच्या पाहुण्यांना काही कळत नाही.

पहिल्या वर्षी थोरल्याने झटापट केली. दुसऱ्या वर्षी तो गप्प बसला. तिसऱ्या वर्षी उंबरक घाटाच्या पायरीवर कात्री घेऊन बसला, तेव्हा थोरला स्वतःच चालत आला, मांडीवर बसला आणि त्याने उजवा पंख पसरून पुढे केला. उंबरकाला हसू आले. घरी जाऊन त्याने सांगितले, ‘‘शहाणा झाला गं तो.’’

सोमा म्हणाली, ‘‘शहाणा कसला? कंटाळला असेल तुमच्याशी भांडून.’’

त्याच हिवाळ्यात बाहेरचा थवा तळ्यावर उतरला आणि त्यातली एक हंसी थोरल्याशेजारी राहिली. फाल्गुनात थवा गेला, ती गेली नाही. तिचे पंख कोणी कापले नव्हते, तिला कोणी पकडलेही नव्हते. या जातीचे हंस एकदा जोडीदार निवडतात आणि मग जन्मभर दुसरीकडे पाहत नाहीत. पण हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. उंबरक तिला पाहुणी म्हणू लागला. राजाला कळले तेव्हा त्याचा आनंद गगनात मावेना. ‘‘बघा!’’ तो दरबारात म्हणाला. ‘‘रानातली मोकळी हंसी आपणहून राहिली. आमच्या तळ्यापुढे तिला हिमवंतसुद्धा फिका वाटला.’’ आणि पुढे म्हणाला, ‘‘आता इथे पिले होतील.’’ भाट होतेच, त्यांनी यावर श्लोक केले. उंबरकालाही मनातून ते खरे वाटे, कारण ते तळे त्याने स्वतःच्या हाताने राखले होते.

पण वैशाखाला श्लोक कळत नाहीत. पाहुणीने तळ्यातल्या बेटावर, आपल्या पोटाची मऊ पिसे उपटून घरटे केले आणि चार अंडी घातली. बर्फाच्या देशातली ती अंडी, खाली सपाटीवरची तापलेली माती. पाहुणी चोच उघडी टाकून, गळा थरथरवीत बसून राही. तीस दिवसांत पिले निघायची, ती चाळीस दिवस बसली. शेवटी उंबरकाने नासलेली अंडी उचलून नेली आणि बांधाच्या कडेला पुरली. त्या दिवशी पाहुणी रिकाम्या घरट्यावरही बसून होती.

दुसऱ्या वर्षी तेच झाले.

तिसऱ्या फाल्गुनात एक नवल घडले. थवा जायला निघाला, आकाशात नाकातल्या आवाजातले ते ओळखीचे हाकारे सुरू झाले आणि थोरला एकाएकी पाहुणीच्या अंगावर धावून गेला. त्याने तिच्या मानेला चावे घेतले, पंखांनी झोडपले, तिला पाण्यातून बाहेर हुसकले. ती वर उठे, एक फेरी घाली, पुन्हा त्याच्याजवळ उतरे. तो पुन्हा चावा घेई.

‘‘माजलाय मेला!’’ सोमा ओरडली. उंबरकालाही राग आला. त्याने बांबूची ताटी आणून दोघांच्या मध्ये उभी केली आणि पाहुणीच्या मानेला हळद लावली.

दुपारी तो जव टाकायला गेला तेव्हा थोरल्याने दाण्याला तोंड लावले नव्हते. तो ताटीला छाती टेकून उभा होता. पलीकडे पाहुणीही तशीच. थव्याचा आवाज उत्तरेकडे विरत चालला, तसा थोरला ताटीपासून दूर गेला, बांधाच्या उतारावरून धावला, त्याने दोन्ही पंख मारले, हातभर उठला आणि उजव्या अंगावर कोसळला. तो उठला आणि त्याने तिच्याकडे पाहिले. मग पुन्हा धावला आणि पुन्हा कोसळला. मला येता येत नाही, तू जा, एवढेच तो तिला दाखवीत होता.

उंबरकाच्या हातातली जवाची टोपली तशीच राहिली. ही तळ्यासाठी राहिलेली नाही, त्याला कळले. तळ्याशी तिचे काहीही देणेघेणे नाही. आणि हा तिला हाकलतो आहे, कारण इथला उन्हाळा तिला आणि तिच्या पोरांना खातो आहे. मी मात्र हिच्या मानेला हळद लावीत बसलो. त्याला स्वतःची फार लाज वाटली. त्याने ताटी काढून टाकली. पाहुणी चालत आली आणि ज्याने चावे घेतले होते त्याच्याच पिसांत तिने चोच खुपसली.

तो उन्हाळा पाहुणीने कसाबसा काढला. उंबरक वाळ्याचे पडदे भिजवून तिच्यावर सावली धरी, सोमा तिच्या पायांवर पाणी ओती. मग पाऊस आला, दोघांची पिसे गळाली आणि तळ्यावर राखी रंगाची नाजूक होडकी तरंगू लागली. भाद्रपद सरता सरता नव्या पिसांच्या नळ्या पांढऱ्या पडल्या.

उंबरक कात्री घेऊन पायरीवर बसला. थोरला आला, मांडीवर बसला, त्याने उजवा पंख पुढे केला. पंखाखालची ऊब उंबरकाच्या मनगटाला लागत होती. बराच वेळ तो तसाच बसला. मग त्याने तो पंख आपल्या हाताने अलगद मिटला आणि कात्री धोतराला पुसून घरात खुंटीला अडकवली.

सोमाने कात्रीकडे पाहिले. राजाचा नियम सगळ्या नगरीला ठाऊक होता: ज्याच्या हातून हंस जाईल, त्याचा हात जाईल.

‘‘अहो, हात गेला तर जेवाल कशाने?’’

‘‘तू भरवशील.’’

‘‘भरवीन तर,’’ सोमा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण जीभ ठिकाणावर होती. ‘‘पण मग आमटीत मीठ कमी म्हणायचं नाही.’’

थोरल्याला बरेच दिवस काही कळले नाही. न उडायची सवय कात्रीपेक्षा पक्की असते. हिवाळी थवे आले, धुके आले. माघातल्या एका पहाटे तळे आणि आकाश एकच झाले होते, कुठे पाणी संपते ते दिसत नव्हते. थोरल्याने आळस देण्यासाठी पंख मारले आणि पाणी त्याच्या पायांखालून निघून गेले. उंबरक बांधावर दात घाशीत उभा होता. धुक्यातून त्याच्या डोक्यावरून काहीतरी गेले, त्याचा वारा तेवढा गालाला लागला. मागून आणखी एक वारा लागला. मग दोन्ही वारे फेरी घालून परत आले आणि पाण्यावर दोन लांब रेघा उमटल्या. स्वप्नात पाहिल्यासारखे त्याने ते पाहिले. त्याला इतके हलके वाटले की आपणच उडालो की काय, असा त्याला क्षणभर भ्रम झाला.

फाल्गुनात थवा उठला आणि त्याबरोबर ती दोघेही उठली. दोन काळे ठिपके इतर ठिपक्यांत मिसळून जाईपर्यंत उंबरक पाहत राहिला. मग तो तळ्यात डोके बुडवून न्हाला, धुतलेले वस्त्र नेसला आणि कोणी बोलावण्याआधीच राजवाड्यात जाऊन उभा राहिला.

‘‘महाराज, थोरला गेला. मी त्याची पिसे कापली नव्हती.’’

‘‘विसरलास?’’ राजाने विचारले. त्याला हा म्हातारा आवडत असे; त्याने सुटायला वाट करून दिली होती.

‘‘नाही महाराज. कापायला बसलो होतो. कापवले नाही.’’

राजा संतापला. राजाचा राग बराचसा लाजेतून येतो. साऱ्या दरबारापुढे पिलांचे बोलून बसल्यावर आता काय सांगायचे? त्याने हुकूम दिला, उद्या सकाळी तळ्याच्या घाटावर, जिथे बसून कात्री चालवायची तिथेच याचा हात उतरवा. आणि न चाललेली ती कात्रीही समोर ठेवा.

सकाळी घाटावर माणसे जमली. उंबरकाला पायरीवर बसवून त्याचा उजवा हात दगडाला बांधला. कात्री शेजारी ठेवली, मारेकरी कुऱ्हाड घेऊन उभा राहिला. राजा पालखीतून उतरला. तेवढ्यात बांधावर रोज दाण्याच्या वेळी वाजणारे तांब्याचे पातेले वाजू लागले. सोमा तळ्यावरच्या बदकांना जव टाकीत होती.

‘‘आजच्या दिवशीसुद्धा?’’ कोणीतरी म्हणाले.

‘‘त्यांना काय ठाऊक आज काय आहे ते,’’ सोमा म्हणाली. ‘‘भूक रोजचीच.’’ आणि ती पातेले नेहमीपेक्षा जोरात वाजवीत राहिली.

निघालेला थवा लगेच डोंगर चढत नाही. नदीच्या वाळूवर तो दोन-चार दिवस थांबतो, चरून अंगात बळ भरतो, पाठीवरच्या वाऱ्याची वाट पाहतो. त्या सकाळी थवा शेतांकडे चालला होता. पातेल्याचा आवाज वर गेला. एक हंस थव्यातून बाजूला झाला. त्याने तळ्यावर एक फेरी घातली, दुसरी घातली, तिसरी घातली. वरून त्याला बांधलेला हात दिसला, कुऱ्हाड दिसली, कात्री दिसली. मग तो उतरला.

इतर कथांतले पक्षी अशा वेळी राजाला धर्म सांगतात. थोरला काही बोलला नाही. माणसांच्या मधून तो आपल्या संथ चालीने पायऱ्या चढून आला, उंबरकाच्या मांडीवर बसला आणि त्याने उजवा पंख पसरून पुढे केला.

कोणी म्हणेल, सवय होती. पण सवयीने येणारा पक्षी आधी आकाशात तीन फेऱ्या घालीत नाही.

‘‘अरे, जा ना रे,’’ उंबरक रडत म्हणाला. ‘‘कशाला आलास वेड्या? जा.’’ त्याने मोकळ्या डाव्या हाताने त्याला ढकलले. थोरला हलला नाही. एक-एक पीस उन्हात पसरून तो बसून राहिला. वरून हाक आली आणि पाहुणीही उतरली. ती त्याला अंग लावून उभी राहिली, तीन उन्हाळे राहिली होती तशीच.

राजाने विचारले, ‘‘हिची पिसे कोणी कापली होती?’’

‘‘कोणीच नाही, महाराज.’’

‘‘मग ही इतकी वर्षे…’’

‘‘याच्यासाठी, महाराज.’’

‘‘तळ्यासाठी नाही?’’

उंबरकाला राजाची दया आली. पण खोटे तो कालही बोलला नव्हता. ‘‘नाही, महाराज.’’

राजा भिजलेल्या पायरीवरच खाली बसला. त्याने स्वतःच्या हाताने उंबरकाची दोरी सोडली. मग म्हणाला, ‘‘याला धरायचे कसे, ते मला दाखव.’’ उंबरकाने थोरल्याला उचलून राजाच्या मांडीवर ठेवले. जन्मात पहिल्यांदा राजाने आपला हंस हातात घेतला होता. पिसांखाली काळीज धडधडत होते, वजन एखाद्या तान्ह्या मुलाएवढे. थोरल्याने राजापुढेही पंख पसरला. राजाने तो शेवटच्या दोन पिसांपर्यंत नीट पाहिला आणि उंबरकाने मिटला होता तसाच अलगद मिटला.

‘‘ज्याला इथे राहायचे नाही तो परत येतो,’’ राजा म्हणाला, ‘‘आणि मी मात्र…’’ त्याने हात उघडले.

त्या दिवसापासून कुमुदवतीत पक्ष्यांचे पंख कापणे बंद झाले. तळे उन्हाळाभर रिकामे राहिले आणि भाटांना बोलायला काही उरले नाही. कार्तिकात पहिली थंडी पडली, तेव्हा सोमा पातेले वाजवीत असताना पाण्यावर सहा पक्षी उतरले. दोन ओळखीचे होते. चौघांच्या डोक्यांवर अजून काळे पट्टे उमटायचे होते. थोरला त्यांना घेऊन घाटाच्या पायरीपर्यंत आला. उंबरकाने दोन्ही हातांनी जव टाकला.

ही गोष्ट भगवान शास्त्यांनी आपल्या भिक्खूंना सांगितली. मग म्हणाले, ‘‘भिक्खूंनो, तेव्हाचा राजा चंडकेतू म्हणजे आज विहाराचे दार दिवसरात्र उघडे ठेवणारा हा द्वारपाल भिक्खू. पाहुणी म्हणजे ती थेरी, ती ज्येष्ठ भिक्खुणी, जी उन्हाळ्यात आजाऱ्यांच्या उशाशी बसते. उंबरक आणि सोमा म्हणजे हे समोर बसलेले वृद्ध उपासक आणि त्यांच्याशी आत्ताही कुजबुजत भांडणारी ही उपासिका. आणि आपल्यापायी दुसऱ्याचा हात जाऊ नये म्हणून पंख पुढे करणारा तो हंस म्हणजे मीच होतो. जिला सोडवत नाही तिला सोडणे, आणि सुटल्यावरही दुसऱ्यासाठी परतणे, या दोहोंचे नाव एकच आहे. ते मैत्री.’’