परातीतला चिखल

"मग नीतिमान माणसाने बसायचं तरी कुणाशेजारी, फादर?"

फादर जोकीम झग्याच्या बाह्या वर सारत होते. "का? काय झालं?"

"तो बस्त्याव बघा. गुडघ्यापर्यंत चिखल! आणि त्याची खुर्ची नेमकी माझ्या अलीकडे," इनास मास्तर कुजबुजले.

पवित्र गुरुवारची संध्याकाळ होती. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी फादर गावातल्या बारा जणांचे पाय धूत. वसईकडच्या या गावाची गंमत अशी, की पाय धुऊन घ्यायला जाणारा प्रत्येक जण आधी घरी पाय धुऊन जाई. लोक काय म्हणतील! त्या आठवड्यात एकाही मोरीतल्या टाचा घासायच्या वजरीला उसंत नसे.

इनास मास्तर तर तीन दिवस घासत होते. साबण झाला, लिंबाची साल झाली, वजरी झाली. टाचा सोलून निघाल्या आणि मास्तर लंगडत देवळात आले. उपासाचे चाळीस दिवस त्यांनी मांस शिवलं नव्हतं, दारू शिवली नव्हती, कुणाला वेडंवाकडं बोलले नव्हते. गावाला हे ठाऊक होतं, कारण मास्तरांनीच ते सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. एवढं करूनही आत काही स्वच्छ वाटत नव्हतं. आज तरी वाटेल, या एका आशेवर ते आले होते.

बस्त्यावला ऐन वेळी बोलावणं गेलं होतं, बारांतला एक जण तापाने पडला म्हणून. तो केळीला पाणी लावत होता, तसाच धावत आला.

"त्याला विहिरीवर पाठवा, फादर. पाय धुऊन येऊ दे."

"पाय धुऊन?" फादर म्हणाले. "मग मी काय करू?"

विधी सुरू झाला. फादर एकेकापुढे गुडघे टेकत, तांब्याने पाणी ओतत, पाय पुसत पुढे सरकू लागले. दहा जण झाले तरी परातीतलं पाणी नितळच. मग बस्त्यावने पाय पुढे केले आणि परातीतल्या पाण्याचा पार गाळ झाला.

"तुम्हाला जरा जास्तच काम पडलं, फादर," तो ओशाळून म्हणाला. बायकांच्या बाजूला खसखस पिकली.

तीच परात मास्तरांपुढे आली.

मास्तरांनी पाय मागे घेतला. "परात बदला ना, फादर," ते पुटपुटले. "माझे पाय स्वच्छ आहेत."

"मग उठू मी?"

फादरांनी तांब्या खाली ठेवला. सत्तरी ओलांडलेले गुडघे ते. उठताना एक कटकन वाजला, तो मागच्या बाकापर्यंत ऐकू गेला.

"नका!" मास्तर एकदम म्हणाले. "नका उठू, फादर..."

आणि सोललेली टाच त्यांनी परातीवर धरली.

फादरांनी ती पाहिली. पुन्हा गुडघे टेकले आणि पाणी ओतलं.

आधी झोंबलं. मग गार वाटलं... पार आतपर्यंत. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी त्यांना हसू फुटलं. भर देवळात! दाबायला गेले तर आणखीच फुटलं. एवढा आनंद त्यांना त्या चाळीस दिवसांत एकदाही झाला नव्हता. शेजारी बस्त्यावही हसू लागला, कशाला ते त्याला ठाऊक नव्हतं.

पण मास्तर ते मास्तरच. वाकून त्यांनी परातीत बघितलंच.

"फादर, यातला चिखल त्याचा किती नि माझा किती?"

फादरांनी तांब्या पुन्हा कलता केला.

"पाणी वरून येतंय, इनास. तू खाली काय बघतोस?"