कपारीतली कालवं

“…पण समुद्र इतका वर आला होता, हे कशावरून म्हणता, बाबा?”

डॉ. यशोधन वाटवे कड्याच्या पायथ्याशी भर उन्हात उभे होते. पुण्याचे नावाजलेले भूशास्त्रज्ञ. प्रश्न विचारता विचारता त्यांनी घड्याळ पाहिलं.

याकूबबाबा कड्याच्या कपारीत आडवे झाले होते. सोबत त्यांच्या तीन शेळ्या. कांडवेळच्या किनाऱ्यावर पिराच्या दर्ग्यात दिवाबत्ती करणारे हे म्हातारे फकीर. दुपारी शेळ्या जिथे, तिथे तेही.

“दिसतं,” बाबा म्हणाले.

वाटवे हसले. ते दिसावं म्हणून गेले आठ दिवस ते इथे रापत होते. पाच-सहा हजार वर्षांपूर्वी इथला समुद्र पुरुषभर उंच होता, असं त्यांनी ठासून लिहिलं होतं. पुरावा तेवढा हाती लागत नव्हता.

आणि आता हा कडाच फोडून त्याचा दगड बंधाऱ्यासाठी न्यायचं ठरलं होतं. कडा वाचवायला किनारा राखीव व्हायचा तर उद्या सकाळी सरकारी समितीपुढे काहीतरी ठोस ठेवायला हवं होतं. वाटव्यांनी ड्रोन उडवला होता, चारशे फोटो काढले होते, हातोडीनं कडा वाजवून पाहिला होता. या दगडाचं मोल काय, यावर गावात दोन व्याख्यानंही दिली होती. दुसऱ्या व्याख्यानाला एकटे बाबाच आले, आणि झोपले.

“कुठे दिसतं?”

बाबांनी एका शेळीला हलकेच ढकललं आणि शेजारी माणूसभर जागा केली…

वाटव्यांनी तिथल्या लेंड्या पाहिल्या. वेळ नाही, गुडघे दुखतात, आणि धुतलेली ही शेवटचीच पँट आहे, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं.

बाबांनी मान डोलावली. तिन्ही कारणं त्यांना पटलेली दिसली.

वाटवे पुन्हा कडा पाहायला गेले. अर्ध्या तासानं परतले तेव्हा चेहरा लालबुंद होता आणि टोपी वाऱ्यानं नेली होती. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी जरा वाकून.

शेजारची जागा तशीच रिकामी…

आता चक्कर येणार असं वाटायला लागलं, तसे वाटवे आधी गुडघ्यांवर आले, मग कोपरांवर, आणि मुकाट्यानं शेळ्यांच्या मधे पाठ टेकून पडले. शेजारणीनं त्यांच्या नकाशाचा कोपरा तोंडात घेतला. तो सोडवून घ्यायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं.

गार सावलीत त्यांचे डोळे मिटले.

मग त्यांनी डोळे उघडले.

नाकासमोर हातभर अंतरावर, कपारीच्या छताला कालवं होती, भरतीचं पाणी पोचतं तिथेच धरणारी. शेकडो शिंपले, एकावर एक, दगडाशी दगड होऊन गेलेले. आणि आजच्या भरतीची रेघ होती ती खाली, चांगली पुरुषभर.

वाटवे ताडकन उठायला गेले आणि कपाळ आपटून पुन्हा आडवे झाले. डोळ्यांत पाणी आलं. ते काही सगळंच कपाळामुळे नव्हतं.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“पन्नास वर्षं बघतोय.”

“मग आठ दिवस सांगितलं का नाही?”

“तुम्ही सांगत होतात ना, साहेब.”

वाटव्यांनी खिशातून फोन काढला. पडल्या पडल्याच त्यांनी फोटो काढून समितीच्या अध्यक्षांना पाठवले, मग फोन लावला. अध्यक्षांनी दोनदा खात्री करून घेतली आणि कडा फोडायचं काम थांबवतो, असा शब्द दिला.

फोन ठेवला तशी वाटव्यांना हुरूप आला. या कपारीला लोखंडी जाळी, फाटकाला कुलूप, बारा महिने पहारा, असं सगळं ते छताकडे बघत भडाभडा सांगू लागले.

“आता इथे कुणालाही पाऊल टाकू देणार नाही, बाबा. ना माणसाला, ना जनावराला.”

बाबांनी कूस बदलली.

मग एकेक करून त्यांनी तिन्ही शेळ्या बाहेर काढल्या. कफनी झटकून स्वतः बाहेर आले. उन्हात उभं राहून त्यांनी आत वाकून पाहिलं.

“या बाहेर, साहेब.”