जांभळाची फळी आणि दोन भाऊ

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा गावं ओळखली जात ती तिथल्या कारागिरांवरून. असंच सुतारांचं एक गाव एका तलावाच्या उतारावर वसलं होतं. तलावाचं पाणी दगडी मोरीतून गावात येई. मोरीच्या तलावातल्या गोल तोंडावर लाकडाचं गोल झाकण असे. ते काढलं की पाणी सुटे, बसवलं की थांबे.

त्या गावात भिवजी आणि हैबती असे दोन भाऊ राहत. दोघं एकाच बापाच्या हाताखाली शिकले आणि बाप गेल्यावर एकाच छपराखाली काम करू लागले.

एकदा गावावरून एक घिसाडी, म्हणजे फिरता लोहार, चालला होता. हैबतीने त्याच्याकडून नवा परकार घेतला. वर्तुळ काढायचा दोन पायांचा परकार तर सगळ्यांकडेच असतो. पण याच्या एका पायाला धारदार पातं होतं. एक पाय फळीत रोवायचा नि दुसरा फिरवत राहायचा. वर्तुळ नुसतं आखलं जात नसे, कापलंच जाई. पांगाऱ्याच्या मऊ, पातळ फळीतून डब्यांची झाकणं अशी सुटत, जशी भाकरी तव्यावरून सुटते.

भिवजीला ते काही रुचलं नाही. "हे खेळणं झालं," तो म्हणाला. "सुताराचा हात करवतीवर हवा."

हैबती हसला. "दादा, तुझ्या करवतीने कापलेलं झाकण उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. टाकून दे ते भंगार."

ती करवत बापाची होती. भिवजीने आपली अवजारं गोळा केली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला वेगळं छप्पर घातलं. तेव्हापासून भावाने भावाचा उंबरा ओलांडला नाही. हैबतीची झाकणं दूरदूरच्या बाजारात जाऊ लागली. भिवजी गाड्या आणि चौकटी करी. कुणी डब्याचं झाकण मागितलं तर गिऱ्हाईक परत पाठवी, पण परकाराला शिवत नसे.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात मोरीचं जुनं झाकण तडकलं. पाणी धो धो ओढ्याला वाहू लागलं. पाऊस अजून लांब होता. माणसांनी पेंढ्या आणि चिखल कोंबून मोरी कशीबशी अडवली, तरी पाणी झिरपतच राहिलं.

पाटील धावत हैबतीकडे आले. "गोल कापणारा तुझ्यासारखा दुसरा नाही. गावात जांभळाच्या दोनच रुंद फळ्या आहेत. घे, आणि झाकण कर."

जांभळाचं लाकूड पाण्यात टिकतं, म्हणून गाव ते जपून ठेवी. हैबतीने पहिली फळी मांडली आणि आपला परकार रोवला. सुरुवातीला पातं नीट फिरलं. पण फळी जाड होती आणि लाकूड कठीण. लाकडाच्या शिरा आडव्या आल्या तिथे पातं त्यांच्या ओढीने सरकू लागलं. हैबतीने जोर केला. पातं आणखी सरकलं. त्याने अंगाचा सगळा भार टाकला, तेव्हा फळी कडेपासून मधोमध उकलली.

तो फळीचे तुकडे जुळवून पाहत बसला. त्याची बायको चिमा दारातून पाहत होती.

"अहो, पातं वाईट नाही," ती म्हणाली. "पण हे काम त्याचं नाही. थोरल्या भाऊजींना बोलवा."

"कोणत्या तोंडाने बोलवू?"

"तोंडाचं राहू द्या. पाणी चाललंय."

हैबती उठला आणि भावाच्या दारी गेला. भिवजी मोरीवरून येऊन चिखलाचे हात धूत होता. उंबऱ्याबाहेर थांबून हैबती म्हणाला, "दादा, एक फळी माझ्या हातून वाया गेली. दुसरीला हात लावायचा धीर होत नाही."

बोलण्यासारखं भिवजीकडे पुष्कळ साचलं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण भावाचा उतरलेला चेहरा पाहून तो एवढंच म्हणाला, "चल."

त्याने अरुंद पात्याची करवत, पटाशी आणि कानस बरोबर घेतली. दुसऱ्या फळीवरून अंगठा फिरवून शिरा कुठून कुठे जातात ते पाहिलं. मग मधोमध खिळा ठोकला, त्याला दोरी बांधली आणि कोळशाने वर्तुळ काढलं. पण दोरी ताणली गेली. रेघ जाड आली आणि तिची दोन टोकं काही जुळेनात. भिवजीने पुसून पुन्हा काढलं. पुन्हा तेच.

त्याने कोळसा खाली ठेवला. मग म्हणाला, "हैबती, तुझा परकार आण."

"याने फळी फुटते, दादा."

"कापायला नको, आखायला. पातं नुसतं टेकव. केसाएवढी रेघ पाहिजे. ती मला कधी जमली नाही."

हैबतीने हलक्या हाताने पातं फिरवलं. रेघ निघाली तिथेच येऊन मिळाली. भिवजीने रेघेच्या किंचित बाहेरून करवत चालवली. मग त्याने फळी धरली, हैबतीने पटाशीने कड रेघेपर्यंत आणली.

"शिरेच्या उलट जाऊ नकोस, ढलपी निघेल," भिवजी सांगत होता. "आणि थोडं सैल राहू दे. पाण्यात लाकूड फुगतं."

गावातल्या पोहणाऱ्यांनी तलावात उतरून झाकण बसवलं. आधी कडेने पाणी झिरपलं. काठावरचे लोक कुजबुजू लागले. दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी उन्हं कलेपर्यंत लाकूड फुगलं आणि मोरीचं गावाकडचं तोंड कोरडं पडलं.

उरलेलं पाणी गावाने जपून वापरलं. माणसांना आणि गुरांना ते पावसापर्यंत पुरलं.

घरी परतताना भिवजी म्हणाला, "पांगाऱ्याची झाकणं कशी काढतोस, ते मला एकदा दाखव."

पुढे दोघे पुन्हा एकत्र काम करू लागले. कुणी काम घेऊन आलं की आधी फळी हातात घेत, ती मऊ की कठीण, पातळ की जाड ते पाहत, आणि मगच अवजाराकडे वळत.

तात्पर्य: अवजार आपल्या हौसेने निवडू नये की रागाने टाकू नये, समोरचं काम काय मागतं ते पाहून निवडावं.