धुक्याचं डुक्कर आणि उंच कामठा

एक होता राजा आणि एक होता शिकारी. राजाचं खरं काम शेवटी आहे, तोवर आपण शिकाऱ्याचं बघू. शिकाऱ्याचं नाव चांगो.

हा चांगो सपाटीवरचा, बरं का. सगळा कोरडा मुलूख. लांबच लांब गवत आणि झाड औषधालासुद्धा नाही. एकदा काय झालं, राजाच्या घोड्यावर लांडगा धावून आला. चांगो खूप मागे होता. त्यानं तिथूनच तीर सोडला. राजाला आधी लांडगा पडलेला दिसला आणि मग कळलं की तीर आला. राजा खूश झाला. त्यानं स्वतःच्या खांद्यावरचं धनुष्य काढलं आणि चांगोला देऊन टाकलं.

कसं होतं ते धनुष्य? लहानसं, कमरेएवढं. पोटाला म्हशीचं शिंग, पाठीला जनावराची तात, मध्ये लाकूड, आणि सगळं सरसानं चिकटवलेलं. दोन्ही टोकं पुढे वळलेली, राजाच्या जोड्याची असतात ना, तशी. आणि गंमत काय, त्याची दोरी उतरवली की ते उलट्या बाजूला मिटायचं. दोरी चढवायची तर मांडीखाली दाबून त्याच्या वळणाच्या विरुद्ध वाकवावं लागे. चांगोला त्याची इतकी सवय झाली होती की डोळे मिटूनसुद्धा तो दोरी चढवायचा. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

मग चांगोचं लग्न झालं. बायकोचं नाव येसू. ती डोंगरावरची. तिच्या वाडीतले म्हातारे शिकारी एकेक करून गेले होते. शेवटचा शिकारी म्हणजे तिचे बाबा, तेही गेले. मग वाडीनं चांगोला म्हटलं, "जावईबापू, तुम्ही इथंच राहा. आम्हांला शिकारी पाहिजे." चांगो राहिला.

येसूच्या घरात चुलीच्या वर आडवा टांगलेला होता तिच्या बाबांचा कामठा. म्हणजे बांबूचं धनुष्य. सरळ दांडा, माणसापेक्षा उंच, वापरून वापरून जरासा बाक आलेला. बाबा गेल्यापासून त्याला कोणी दोरी चढवली नव्हती. येसू त्याच्यावर ओले कपडे वाळत टाकायची. चांगो तर पोट धरून हसला.

"येसू, हे धनुष्य आहे की धुण्याची काठी?"

"याच काठीनं माझ्या बाबांनी सगळी वाडी जेवू घातली," येसू म्हणाली. "तुमच्या त्या खेळण्यानं अजून ससासुद्धा आणला नाही."

चांगो हसायचा थांबला.

आता त्या वाडीची एक रीत सांगते. शिकार आली की तिचे वाटे घालायचे. घराघराला वाटा, विधवेला वाटा, पोटातल्या बाळाला वाटा, कुत्र्याला वाटा आणि एक वाटा रानाला. आणि शिकारी घरी आला की उंबऱ्याच्या आत पाय ठेवण्याआधी धनुष्याची दोरी उतरवायची. ताणलेलं धनुष्य घरात टांगायचं नाही. त्याला झोप लागत नाही म्हणे. आणि झोप लागली नाही की दुसऱ्या दिवशी ते काम करत नाही.

बरं. त्या वाडीची शेतं होती तीन. वरचं, मधलं आणि खालचं. तिन्ही शेतांत नाचणी. वर्षभर जेवायला तेवढंच. त्या साली नाचणी चांगली पोसली होती, कणसं मुठीसारखी वळली होती. आणि मग आलं डुक्कर.

साधं डुक्कर नव्हे. गाडीच्या बैलाएवढं. ते नाकपुडीतून श्वास सोडायचं की धुकं व्हायचं. सकाळी उजाडताना ते रानातून निघे आणि त्याच्या पुढे, मागे, बाजूला नुसतं पांढरं. ते कुठे आहे हे दिसायचंच नाही. फक्त ऐकू यायचं, करर करर करर, नाचणी खाल्ल्याचं.

पहिल्या सकाळी ते वरच्या शेतात शिरलं. चांगो धनुष्य घेऊन धावला आणि बांधावरच्या झुडपात बसला. धुकं आलं. त्याच्या मिशा भिजल्या, मुंडासं भिजलं आणि धनुष्यही भिजलं. त्यानं दोरी ओढली, तर धनुष्य भिजलेल्या पापडासारखं मऊ! सरस सुटला होता, तात सुटून लोंबत होती. तीर निघाला आणि त्याच्याच पायापुढे पडला.

धुक्यातून डुक्कर म्हणालं, "चांगो, तू कोरड्या देशातला. घरी जा." आणि त्यानं वरचं शेत संपवलं.

चांगोनं धनुष्य उन्हात वाळवलं, सरस लावला, नव्यानं बांधलं. पण मनातून तो समजून चुकला. डोंगराच्या धुक्यात हे चालायचं नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा करर करर ऐकू आलं. या खेपेला मधल्या शेतात. चांगोनं चुलीवरचा कामठा ओढून घेतला. कपडे खाली पडले. येसू पाण्याला गेली होती, नाहीतर तिनं सांगितलं असतं.

शेताच्या कडेला जाऊन त्यानं घाईघाईनं दोरी चढवायला घेतली. कामठा मांडीखाली दाबला आणि वाकवला. कुठल्या बाजूला? अगदी बरोबर. सवयीनं. वळणाच्या विरुद्ध. आता बांबूला ज्या बाजूचा बाक असतो, त्याच बाजूला तो आणखी वाकवायचा असतो. चांगोच्या हाताला ते कुठलं ठाऊक? त्यानं जोर लावला. काड्! सासऱ्याचा कामठा मधोमध मोडला.

डुक्कर म्हणालं, "चांगो, ती तर धुण्याची काठी. घरी जा." आणि त्यानं मधलं शेत संपवलं.

चांगो दोन तुकडे हातात घेऊन घरी आला. येसूनं ते पाहिले. ती ओरडली नाही, रडली नाही. तिनं तुकडे घेतले, पदरानं पुसले आणि पुन्हा चुलीच्या वर टांगून ठेवले. चांगोला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी वाडी जमली. कोणी टोपल्या बांधायला लागलं, कोणी कोंबड्या खुराड्यात भरायला. एक म्हातारा म्हणाला, "खालचं शेत गेलं की वाडी मोडली. मग जावं कुठंही, मागून खावं."

तेव्हा येसू बोलली. "तीन दिवस थांबा. डुक्कर दोन शेतं खाऊन पडलंय, एवढ्यात उठत नाही." मग ती चांगोकडे वळली. "आणि तुम्ही बेटाकडे जा. रीतीनं मागा. उलटं काही करू नका."

बेट म्हणजे बांबूचं बेट, बरं का. वाडीच्या मागे होतं, इतकं दाट की मुंगीलाही अंग चोरून जावं लागे. तिथला बांबू तोडायचा तर आधी विचारायचं, "घेऊ का?" बेट कुरकुरलं तर घ्यायचा, गप्प राहिलं तर परत यायचं. चांगोनं मूठभर नाचणी ठेवली आणि विचारलं, "घेऊ का?"

बेट कुरकुरलं नाही. मग म्हणालं, "तुमच्याकडे आहेच किती नाचणी? परत ने."

चांगोनं कमरेचा कोयता ठेवला. बेट म्हणालं, "कोयता ठेवलास तर मला तोडणार कशानं? उचल."

चांगोनं कानातली बाळी काढून ठेवली. बेट म्हणालं, "मला कान कुठंयत? खांद्यावरचं दे."

चांगो दचकला. "हे राजानं दिलंय. हे माझं नाव आहे."

"असेल," बेट म्हणालं. "पण ते खांद्यावर आहे तोवर तुझा हात त्याचंच ऐकणार. मी दिलेला बांबूही तू उलटाच वाकवशील."

चांगो तिथं बसून राहिला. ऊन डोक्यावर आलं, ऊन कलायला लागलं. त्याला लांडगा आठवला, राजा आठवला. मग त्याला पदरानं तुकडे पुसणारी येसू आठवली. तो उठला. त्यानं शिंगाच्या धनुष्याची दोरी उतरवली. ते नेहमीसारखं मिटलं. त्यानं बेटाच्या मुळाशी खड्डा केला, त्यात ते निजवलं आणि वर माती लोटली.

सगळं बेट कुरकुरलं. मधोमध एक बांबू उभाच्या उभा वाळलेला होता. तो आपोआप पुढे आला.

मग काय, अंगणात काम सुरू झालं. चांगोनं बांबू उभा चिरला, कोयत्यानं तासला, चुलीशी शेकला. येसूनं अंबाडीच्या वाखाची दोरी वळली आणि तिला मेण लावलं, म्हणजे पाणी लागणार नाही. लहानपणी ती बाबांना दोऱ्या वळून द्यायची, त्यामुळे तिचा हात बसलेला होता. कामठा तयार झाला. चांगोच्या डोक्याच्या वर मूठभर उंच.

भिंतीपाशी वाळका भोपळा ठेवला. चांगो रोजच्यासारखा गुडघ्यावर बसला आणि दोरी ओढली. कामठ्याचं खालचं टोक जमिनीत रुतलं, तीर कोंबडीच्या अंगावरून गेला. कोंबडी ओरडत पळाली.

"उभे राहा," येसू म्हणाली. "हा बसून मारायचा नाही."

तो उभा राहिला. त्यानं दोरी ओढली आणि धरून ठेवली, शिंगाच्या धनुष्यात धरायचा तशी. नेम बघतोय, बघतोय. कामठा जड. हात थरथर कापायला लागला. तीर शेजारच्या छपरात घुसला. शेजारीण बाहेर आली.

"अहो जावईबापू, आधीच घर सोडून जायचंय, त्याला भोकं कशाला पाडता?"

येसूला हसू फुटलं. दोन दिवसांनी पहिल्यांदा. ती म्हणाली, "अहो, ओढल्यावर कसला विचार करता? विचार आधी उरकून घ्या. बाबा हात खाली असतानाच सावजाकडे बघायचे. मग ओढायचे आणि सोडायचे, मध्ये थांबायचे नाहीत."

चांगोनं हात खाली ठेवला. भोपळ्याकडे बघितलं. पुरतं बघून झालं. मग ओढलं आणि सोडलं. टप्! भोपळा आरपार.

"पण येसू," तो म्हणाला, "हा तीर लांब जात नाही."

"मग तुम्ही जवळ जा," येसू म्हणाली.

वाडी जमली होती त्याच्या तिसऱ्या सकाळी करर करर ऐकू आलं. खालच्या शेतात. वाडीतले सगळे दारात उभे. टोपल्या बांधलेल्याच होत्या. चांगो कामठा घेऊन निघाला. आधी सवयीनं झुडपाकडे गेला, तर कामठा फांद्यांत अडकला. आत शिरताच येईना. तेव्हा तो बाहेर आला आणि उघड्यावर उभा राहिला. आणि मग त्याच्या ध्यानात आलं. धुकं होतं ना! त्याला डुक्कर दिसत नव्हतं, तसा डुकरालाही तो दिसत नव्हता. लपायला झुडूप कशाला?

मग तो नाचणीतून सरळ चालत गेला. हळूहळू. आवाज थांबला की थांबायचा, आवाज आला की चालायचा. इतका जवळ गेला, इतका जवळ गेला की डुकराचा श्वास त्याच्या गालाला लागला. ऊन ऊन. आणि पांढऱ्यात काळं दिसलं.

डुक्कर म्हणालं, "चांगो, लांब आहेस की—"

चांगोचा विचार उरकला होता. त्यानं ओढलं आणि सोडलं.

डुक्कर पडलं. त्याच्या नाकातून उरलंसुरलं धुकं निघालं, शेतावरून घरंगळत गेलं आणि खाली दरीत जाऊन बसलं. ते अजून तिथंच आहे, सकाळी दिसतं. ऊन पडलं. खालच्या शेतातली अर्ध्याहून जास्त नाचणी तशीच उभी होती.

वाडीनं टोपल्या सोडल्या. वाटे पडले. घराघराला वाटा, विधवेला वाटा, पोटातल्या बाळाला वाटा, कुत्र्याला वाटा. ज्या शेजारणीच्या छपराला भोक पडलं होतं, तिला थोडा मोठा वाटा. आणि रानाचा वाटा चांगोनं स्वतः नेऊन बेटापाशी ठेवला.

आता येतो राजा. राजानं डुकराची गोष्ट ऐकली आणि तो डोंगर चढून आला, घामाघूम. म्हणाला, "चांगो, माझं धनुष्य कुठंय?"

वाडी घाबरली. चांगोनं खरं ते सांगितलं आणि राजाला बेटाकडे नेलं. बघतात तर काय, जिथं धनुष्य निजवलं होतं तिथं नवे कोंब आले होते. आणि सगळ्या कोंबांचे शेंडे पुढे वळलेले, थेट त्या धनुष्याच्या टोकांसारखे. राजानं शेंड्याला हात लावला, मग आपल्या जोड्याच्या टोकाकडे बघितलं आणि हसायलाच लागला.

"छान जागी आहे ते," राजा म्हणाला. "आता मला तो तुझा कामठा दे बघू."

राजानं ओढलं आणि धरून ठेवलं. हात थरथर, मुकुट थरथर.

"अहो राजे," येसू ओरडली, "विचार आधी उरकून घ्या!"

चांगोनं राजाला एक कामठा करून दिला. राजा सुखी झाला. वाडी सुखी झाली. तीन शेतं पुन्हा पिकली, पोटातलं बाळ बाहेर आलं आणि आपला वाटा मागायला लागलं. आणि रोज संध्याकाळी चांगो घरी आला की उंबऱ्याबाहेर थांबायचा, कामठ्याची दोरी उतरवायचा आणि त्याला चुलीवर, सासऱ्याच्या त्या दोन तुकड्यांशेजारी टांगायचा. येसूनं त्याच्यावर पुन्हा कधी कपडे वाळत घातले नाहीत. एखाददुसरं फडकं सोडून.

घ्या, कामठासुद्धा झोपला. दिवसभर तुम्ही किती ताणलेले होतात, झाडावर काय, ओट्यावर काय. पाय सरळ करा. हात सोडा. उतरवली हं मी तुमचीपण दोरी. निजा आता.