एकशे बारा गाठींचा दोर

फार पूर्वी, गाणं ऐकायचं तर गाणाऱ्याच्या समोर जाऊनच बसावं लागे, तेव्हाची ही गोष्ट.

एका गावात सुभाना आणि रखमाजी नावाचे दोन दोर वळणारे होते. दोर वळणं हे एकट्याचं काम नाही. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने कमरेला वाख, म्हणजे दोराचे तंतू, बांधून ते थोडे थोडे सोडत उलट्या पावलांनी मागे जायचं. दोर लांबतो तसतसे दोघे एकमेकांपासून दूर जातात, तोंडं मात्र समोरासमोर असतात. चाक आणि पावलं यांची गती जुळावी म्हणून हे दोघे गात. एकाने एक ओळ म्हणायची, दुसऱ्याने पुढची.

त्या मुलखात दोन गाणारी माणसं नावाजलेली होती. एक डोंगरातली बाई, तिला सगळे डोंगरवाली म्हणत. दुसरा नदीकाठचा, तो नदीवाला. सुभानाला डोंगरवालीच्या गाण्याचं वेड, रखमाजीला नदीवाल्याच्या. म्हणून डोंगरवालीचं गाणं सुभाना सुरू करी आणि नदीवाल्याचं रखमाजी. पुढची ओळ दुसऱ्याची. अशी त्यांची बरीच वर्षं सुखात गेली.

मग एका वर्षी डोंगरवाली आणि नदीवाला दोघंही एकाच जत्रेत गायली आणि गावाच्या पारावर वाद पेटला. मोठं कोण? कोणाला लोकांनी जास्त वेळा पुन्हा गायला लावलं? राजाने शेला कोणाला आधी दिला? शंभर वर्षांनी नाव कोणाचं राहील? हा शेवटचा प्रश्न हिरीरीने विचारणाऱ्यांना आपल्या पणजोबांचं नाव धड सांगता आलं नसतं, पण ते असो.

सुभानाने तर कमालच केली. विहिरीवर चालेल असा एक उत्तम दोर त्याने बाजूला काढला आणि डोंगरवालीच्या प्रत्येक पराक्रमाची त्यावर एक गाठ मारू लागला. लोकांनी पुन्हा गायला लावलं, की एक गाठ. राजाने शेला दिला, त्याची मोठी गाठ. ती समोर गात असली तरी हा आपला खाली मान घालून गाठी मारत बसे. मग तो दोर पारावर नेऊन सगळ्यांच्या डोळ्यांपुढे नाचवी.

"गड्या, गाठ पडलेला दोर विहिरीला चालत नाही, हे तुला मी सांगू?" रखमाजी हसून म्हणे.

पण एका संध्याकाळी रखमाजीही इरेला पेटला. "नदीवाला गायला लागला की माणूस घरची वाट विसरतो," तो म्हणाला. पारावरच्या चार जणांनी माना डोलावल्या. सुभानाला ते सहन झालं नाही.

"कसला गाणारा! रडक्यांचा गाणारा तो," तो ओरडला. "मरायला टेकलेल्या माणसाच्या उशाशीच शोभतो."

सगळा पार हसला. रखमाजी हसला नाही.

दोन वर्षांपूर्वी रखमाजीची बायको अंथरुणाला खिळली होती. शेवटचे आठ दिवस तिने नदीवाल्याचं एकच गाणं मागितलं. रखमाजी उशाशी बसून ते गायचा आणि पुढची ओळ म्हणायला उंबऱ्यावर बसलेला असायचा हाच सुभाना. शब्द तोंडातून गेला आणि सुभानाला ते सगळं आठवलं. पण लोक हसत होते, वाद जिंकल्यासारखं वाटत होतं. त्याने शब्द मागे घेतला नाही.

चार दिवसांनी रखमाजी लेकीच्या गावी निघून गेला. भांडलाही नाही. जाताना चाकाला तेवढं तेल घालून गेला.

आता पारावर सुभानाचंच खरं झालं. "डोंगरवालीच मोठी," लोक म्हणत, आणि बोलायला काही उरलं नाही म्हणून लवकर घरी जात. सुभाना दिवसभर एकटा असे. त्याने दोराचं टोक चिंचेच्या खोडाला बांधून पाहिलं, पण दोर ढिला पडे. गाण्याची ओळ म्हणून तो सवयीने थांबे. पुढची ओळ येत नसे. रखमाजीवाचून त्याला घर, अंगण, काम, सगळं खायला उठलं.

शेवटी तो गाठींचा दोर खांद्यावर टाकून डोंगरवालीकडे निघाला. निदान तिला तरी आपल्या निष्ठेची कदर असेल, असं त्याला वाटलं.

डोंगरवाली आता म्हातारी झाली होती. ती विहिरीवर पाणी शेंदत होती.

"बाई, ही तुमची थोरवी," सुभानाने दोर तिच्यापुढे ठेवला. "एकशे बारा गाठी आहेत."

"बरं झालं आणलास. माझा दोर विरलाय," असं म्हणून तिने घागर त्या दोराला बांधली आणि विहिरीत सोडली. पहिलीच गाठ रहाटात अडकली. घागर मध्येच लोंबकळत राहिली.

म्हातारीने सुभानाकडे पाहिलं. "माझं कुठलं गाणं म्हणतोस तू?"

सुभानाने एक ओळ म्हटली आणि तो थांबला.

"पुढं?"

"पुढची ओळ माझी नाही, बाई. ती रखमाजीची."

"मग त्याला घेऊन यायचं होतंस," ती म्हणाली. "हे काय आणलंस?"

सुभाना तिथून थेट रखमाजीच्या लेकीच्या गावाकडे निघाला. वाटेत बसून बसून त्याने सगळ्या गाठी सोडवल्या. पोचला तेव्हा रखमाजी चाकावर होता आणि त्याचा जावई कमरेला वाख बांधून उलट्या पावलांनी चालत होता. सुभानाने रखमाजीचे पाय धरले.

"चुकलो रे. उंबऱ्यावर बसून मीच गायलो होतो, आणि तरी तसं बोललो."

रखमाजीने त्याला उठवलं, गूळपाणी दिलं. "राग कधीच गेला, गड्या."

"मग चल की घरी. चाकाला रोज तेल घालतो मी."

रखमाजीने जावयाकडे पाहिलं. "आता इथं हात जुळलाय रे. याला अर्ध्यावर सोडून कसा येऊ?"

सुभाना परत निघाला. तो शिवेपर्यंत आला, तेव्हा मागून गाणं ऐकू आलं. ते डोंगरवालीचं गाणं होतं. सुभानाची ओळ आता रखमाजी म्हणत होता आणि रखमाजीची ओळ जावई.

सुभानाने ते उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं. मग गाठी सोडवूनही वाकडातिकडा राहिलेला तो दोर खांद्यावर घेऊन तो एकटाच घराकडे चालू लागला.

तात्पर्य: आवडत्याची थोरवी पटवून देण्यासाठी जो आपल्या माणसाचं मन मोडतो, त्याला जिंकलेला वाद घेऊन एकट्यानेच बसावं लागतं.