संकष्टीच्या संध्याकाळी दुसरा सूर्य

महाराज 'आठ दिवसांत' म्हणाले की 'दहा दिवसांत', हे राजवाड्यातल्या गोंदाजी मशालजीला घरी पोचेपर्यंत नक्की आठवेना. काय आणायला सांगितलं ते मात्र पक्कं आठवत होतं. दुसरा सूर्य!

"दुसरा सूर्य?" मशालीला चिंध्या गुंडाळणारी त्याची मुलगी सगुणा थांबली.

"अगं, नव्या महालाचं काम दिवस मावळला की थांबतं. त्यात शास्त्रीबुवांनी सांगितलं, आकाशात काही तारे जोडीजोडीने राहतात. झालं! महाराज म्हणाले, मग आपल्यालाच एक सूर्य का? एक मावळला की दुसरा उगवेल, गवंडी रात्रंदिवस राबतील. गोंदाजी, उजेडाचं काम तुझं. तूच आण, नाहीतर बिऱ्हाड उचलून राज्याबाहेर चालता हो."

"तुम्ही काय म्हणालात?"

"'जी सरकार' म्हणालो. की नुसतीच मान हलवली? माझंच चुकलं. मी खोकलो, म्हणून त्यांचं लक्ष गेलं."

"आबा, संकष्टी कधी आहे?"

"सातव्या दिवशी. का गं?"

"मग सातव्या दिवशी आणू."

त्यानंतर गोंदाजीला घास उतरेना. रोज तो नवी काळजी घेऊन येई.

"पोरी, खरंच दोन सूर्य झाले तर कोंबडा आरवेल कधी?"

"आरवणारच नाही."

"गुरं घरी कधी परततील?"

"गुराख्याचे पाय दुखतील तेव्हा."

"आणि रातराणी?"

"ती बिचारी कळीच राहील."

"विहिरी आटतील गं. आणि मशालजी?"

"मशालजी दुपारी झोपा काढतील."

"दुपार संपणारच नाही, तर मी उठू कधी?"

सातवा दिवस उजाडला. हैबतराव महाराजांची संकष्टी मोठी कडक. चंद्र पाहिल्याशिवाय पाण्याचा थेंबही नाही, आणि बावीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. संध्याकाळपासून महाराज गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून बसले होते. समोर केळीचं पान, पानावर वाफाळते मोदक, शेजारी वाढायला आचारी. डोंगरामागे चंद्राचा उजेड नुकता पसरू लागला होता.

सगुणा मशाल घेऊन पुढे झाली. तिच्या मागे गोंदाजी उभा राहिला.

"सरकार, दुसरा सूर्य तयार आहे."

महाराजांनी मोदकांवरची नजर कशीबशी काढली. "कुठे आहे?"

"पश्चिमेच्या डोंगराआड बसवलाय. आपण 'उगव' म्हणायचा अवकाश, आत्ता वर येतो."

पोरगी महाराजांच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत होती. गोंदाजीने डोळे मिटून घेतले.

"शाबास!" महाराजांनी हुकूम द्यायला हात उचलला.

"आचारीकाका, पान उचला," सगुणा म्हणाली.

"पान का उचलायचं?"

"भर दुपारचा उजेड पडल्यावर चंद्र कसा दिसणार, सरकार? आणि चंद्र दिसल्याशिवाय आपण जेवणार कसे?"

उचललेला हात हवेतच राहिला.

"मग उद्या उगवू दे त्याला."

"उद्या उगवला तरी महिन्याने पुढची संकष्टी येतेच."

"संकष्टीपुरता मावळायला सांगू."

"पहिला तरी कधी आपलं ऐकतो का, सरकार? हा तर त्याचाच भाऊ."

मोदकांची वाफ विरत चालली होती. इतक्यात महाराजांच्या पोटातून असा आवाज आला, की पहारेकऱ्याने दचकून भाला सावरला.

"समज, मी तो नकोच म्हटलं तर?"

"तर आम्ही आणला होता, आपण परत पाठवलात. त्यात आबांना राज्याबाहेर का घालवायचं?"

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं, मोदकांकडे पाहिलं, आणि ते गच्ची दणाणेल असे हसले.

"पाठव परत! आत्ताच्या आत्ता, चंद्र वर यायच्या आत!"

हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी सगुणाला दिलं, गोंदाजीची मशाल त्याच्या हयातभर कायम केली, आणि गवंड्यांनी दिवेलागणीला घरी जावं असा हुकूम सोडला.

गोंदाजीचे डोळे अजून मिटलेलेच होते, त्यामुळे पुढचं त्याने पाहिलं नाही. बऱ्याच वर्षांनी त्याने म्हाताऱ्या आचाऱ्याला गाठून खात्री करून घेतली. पहिला मोदक उचलण्याआधी महाराजांनी दोनदा आभाळाकडे पाहिलं होतं. एकदा पूर्वेला, चंद्र आला का म्हणून. आणि एकदा पश्चिमेला, दुसरा सूर्य नक्की परत गेला ना म्हणून.